पाठराखीण : घरभेटीच्या कार्याची ओळख

आपल्याकडे नवी नवरी सासरीं निघाली म्हणजे तिच्याबरोबर पाठराखीण पाठविण्याची रीत होती. पुष्कळ घरीं ती अजूनहि आहे. ही पाठराखीण बहुधा नात्यांतली, वयानें वडील, चार घरें पाहिलेली अशी असते. ती मुलीच्या वाटचें काम करीत नाहीं, आणि सासरच्या माणसांचे दोषहि काढीत बसत नाहीं. नव्या घरांत मुलीला परकें वाटूं नये, काय विचारावें व कोणास विचारावें हें तिला कळावें, एवढ्यासाठीं ती चार दिवस सोबत राहते आणि मुलगी रुळली कीं आपल्या घरीं परत जाते. आज ज्या कार्याविषयीं मला बोलावयाचें आहे, त्याचें मर्म या एका शब्दांत आलेलें आहे. फरक एवढाच कीं, ही पाठराखीण नव्या नवरीची नसून नव्या आईबापांची आहे.

मूल वाढविणें हें आईला उपजतच येतें, अशी आपली एक गोड समजूत आहे. ती पूर्णपणें खरी नाहीं. माया उपजत असते; परंतु मायेलाहि रीत शिकावी लागते. अडीच किलोहून कमी वजनाचें मूल अंगाशीं कसें धरावें, तें दूध ओढीत नसेल तर काय करावें, कोणतें रडणें भुकेचें व कोणतें दुखण्याचें, दोन वर्षांच्या मुलानें हट्ट धरला तर हात न उगारतां त्याला कसें वळवावें, हें सर्व एका पिढीनें दुसरीला दाखवावें लागतें. आपल्या घरांतून ही सोय न सांगतां होत असते. पहिलें बाळंतपण माहेरीं होतें; तेथें आई असते, आजी असते, शेजारची एखादी जाणती बाई असते. शिवाय हाताशीं डॉक्टर, पुस्तक आणि टेलिफोन आहेतच. आतां हीं सर्व माणसें व साधनें एकेक करून दूर करा. मागें काय उरतें? अठरा-एकोणीस वर्षांची, अंगांत रक्त कमी असलेली एक मुलगी, तिच्या मांडीवर एक लहानसें मूल, आणि कर्जाच्या किंवा मजुरीच्या विवंचनेंत असलेला तिचा नवरा. अशा घरीं, बोलावण्याची वाट न पाहतां, एका शिकविलेल्या बाईनें ठराविक दिवशीं जावें, मुलाकडे पाहावें, आईबापांशीं बोलावें, आणि हें पुनःपुन्हां करावें, या योजनेला घरभेट असें म्हणतात. दवाखान्यांत माणसानें जावयाचें असतें. घरभेटींत दवाखाना, शाळा आणि शेजारधर्म हे तिन्ही माणसाकडे चालत येतात.

या कार्यांत ‘जोखमीचें कुटुंब’ असा एक शब्द वापरतात. तो जपून वापरावयास हवा. जोखीम माणसांत नसते, परिस्थितींत असते. आईचें अल्पवय, जन्मतः मुलाचें अपुरें वजन, घरांतील दीर्घ आजार किंवा व्यसन, बाळंतपणानंतर आईच्या मनाला आलेली उदासी, कर्ता पुरुष अकालीं जाणें, पोटासाठीं वर्षांतला निम्मा काळ गांव सोडणें, हीं त्या परिस्थितीचीं रूपें. यांपैकीं एखादेंच असेल तर घर तें निभावून नेतें; दोन-तीन एकत्र आलीं म्हणजे मात्र आईबापांचें सारें बळ त्या संकटांना तोंड देण्यांत खर्ची पडतें, आणि मुलासाठीं कांहीं शिल्लक उरत नाहीं. त्या आईबापांचें मुलावर प्रेम नसतें असें नव्हे. त्या प्रेमाला सवड नसते.

अशीं कारणें एकत्र येण्याचे प्रसंग ज्या मुलखांत वारंवार येतात, त्यांपैकीं धाराशिव जिल्हा हा एक होय. २०२३ पर्यंत याचें सरकारी नांव उस्मानाबाद असें होतें. आठ तालुके, २०११ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें साडेसोळा लाख वस्ती, बालाघाटाचें पठार आणि बहुतांशीं पावसावर अवलंबून असलेली शेती, असें याचें रूप आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानें लातूर जिल्ह्याबरोबर येथील उमरगा-लोहारा भागांतील गांवेंहि उद्ध्वस्त केलीं. पुढें २०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांच्या अवर्षणानें विहिरी आटल्या, आणि कर्जापायीं शेतकऱ्यांनीं जीव दिल्याच्या वार्ता येथून वारंवार आल्या. २०१८ सालीं केंद्र शासनानें विकासांत मागें राहिलेले म्हणून जे जिल्हे ‘आकांक्षित’ या नांवाखालीं निवडले, त्यांत महाराष्ट्रांतील चार होते : गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि हा.

याच जिल्ह्यांत तेर हें गोरोबाकाकांचें गांव आहे. गोरा कुंभाराची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. बायको मूल अंगणांत ठेवून, त्याच्याकडे लक्ष द्यावयास सांगून पाण्याला गेली; गोरोबा विठ्ठलाच्या नामांत रंगून चिखल तुडवीत होते; मूल रांगत त्या चिखलांत आलें आणि पायांखालीं तुडविलें गेलें. कीर्तनकार या कथेंतून भक्तीचा जो अर्थ सांगतात तो त्यांच्या ठिकाणीं योग्यच आहे. परंतु बालसंगोपनाचा विचार करणाऱ्यानें तिच्यांतील एक साधी गोष्ट पाहावी. बाप कामांत होता, आई पाण्याला गेली होती, आणि मुलाकडे पाहणारें तिसरें माणूस त्या घरीं नव्हतें. शेंकडों वर्षांपूर्वींच्या त्या अंगणांत जें उणें होतें, तेंच आजहि कित्येक अंगणांत उणें आहे. घरभेटीचें सारें कार्य या तिसऱ्या माणसाचें आहे.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. इंग्लंडांत मँचेस्टर व सॅल्फर्ड या गिरण्यांच्या शहरांत स्त्रियांच्या एका आरोग्यविषयक संस्थेनें १८६२ सालीं कामकऱ्यांच्या वस्तींत घरोघर फिरण्यासाठीं पगारी बाया नेमण्यास आरंभ केला. तेथील आरोग्य-निरीक्षिकांची परंपरा त्यांतूनच वाढली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. गरिबांच्या वस्तींतलीं मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली, आणि तिला ‘अंगणवाडी’ हें नांव मिळालें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द भारतभर पसरला. आज त्या शब्दानें आपल्या डोळ्यांपुढें एक खोली, एक फळा व खिचडीचें पातेलें उभें राहतें. मूळ अर्थ मात्र असा कीं, मूल आपल्याकडे येत नसेल तर आपण त्याच्या अंगणांत जावें.

धाराशिवच्या शेजारींच या विचाराचा एक मोठा प्रयोग झाला. भूम-परंडा भागाला लागून नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेड आहे. तेथें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं कामास प्रारंभ केला. गांवांनींच निवडलेल्या, बहुधा निरक्षर, अशा स्त्रियांना शिकवून त्यांनीं गांवच्या आरोग्यसेविका बनविलें. खुद्द धाराशिव जिल्ह्यांत नळदुर्गजवळच्या अणदूर येथें डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांनीं हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था उभारली आणि खेड्यांतील स्त्रियांना शिकवून त्यांस ‘भारतवैद्य’ असें भारदस्त नांव दिलें. भूकंपानंतरच्या घरबांधणींत याच भागांतील महिला-मंडळांच्या बायकांनीं ‘संवाद-सहायक’ म्हणून दारोदार जाऊन सरकार आणि गांवकरी यांच्यामधला दुवा सांधला होता. गांवचीच बाई गांवच्या घरीं जाऊन जाणतेपणाची गोष्ट सांगते, हें दृश्य या जिल्ह्याला परकें नाहीं.

एका शंकेचें निरसन येथेंच केलें पाहिजे. थोडें शिकलेली बाई डॉक्टरच्या कामांत काय दिवे लावणार, असें पुष्कळांस वाटतें. याचें उत्तर गडचिरोलीनें दिलें. तेथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें ३९ खेड्यांत गांवच्याच बायकांना नवजात अर्भकाची काळजी घ्यावयास शिकविलें आणि तशी सोय नसलेल्या ४७ खेड्यांशीं तुलना केली. घरोघरच्या या सेवेच्या तिसऱ्या वर्षीं नवजात-मृत्यूचें प्रमाण तुलनेनें सुमारें ६२ टक्क्यांनीं घटलें होतें. १९९९ सालीं हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि पुढें त्याच आधारावर देशभरची योजना आंखली गेली.

ती योजना कशी चालते, तें आतां थोडक्यांत पाहूं. २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, आणि साधारण हजार वस्तीमागें एक ‘आशा’ सेविका नेमली गेली. ती त्याच गांवची असते. २०११ पासून नवजात बालकाच्या घरभेटी तिच्याकडे आल्या. बाळंतपण दवाखान्यांत झालें असेल तर जन्मापासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं, अशा सहा भेटी. घरीं झालें असेल तर पहिल्याच दिवशींची एक अधिक. ती मुलाचें वजन करते, अंगाची ऊब पाहते, नाळेकडे लक्ष देते, मूल अंगावर नीट पितें कीं नाहीं तें समोर बसून बघते, श्वासाची धांप किंवा अंगाचा थंडपणा आढळल्यास दवाखान्याची वाट धरावयास लावते. २०१८ पासून यापुढचा टप्पा जोडला गेला, आणि त्याचा आरंभ आकांक्षित जिल्ह्यांपासून व्हावयाचा होता. यांत मूल तीन, सहा, नऊ, बारा व पंधरा महिन्यांचें असतांना आणखी पांच भेटी असतात. वरचें अन्न केव्हां व कसें द्यावें, हात केव्हां धुवावे, जुलाब झाल्यास काय पाजावें, आणि मुलाशीं खेळावें कसें व बोलावें कसें, हे या भेटींचे विषय. अंगणवाडी सेविकेच्या घरभेटी याखेरीज होतच असतात. २०२४ सालीं केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयानें ‘नवचेतना’ या नांवानें जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांतहि घरीं आईबापांनीं मुलाशीं करावयाच्या खेळांना व बोलण्याला मोठें स्थान दिलें आहे.

‘खेळ’ हा शब्द ऐकून कांहीं श्रोत्यांस वाटेल कीं, जेथें पोटाची भ्रांत तेथें खेळण्याच्या गोष्टी कसल्या! या आक्षेपाचा विचार जमैका बेटांतील एका प्रयोगाच्या आधारें करतां येतो. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्तींत १९८६ च्या सुमारास सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व त्यांचे सहकारी यांनीं उंची खुंटलेलीं १२९ मुलें निवडलीं. वयें नऊ ते चोवीस महिन्यांचीं. कांहींना पोषक दूध दिलें. कांहींच्या घरीं एक आरोग्यसेविका दर आठवड्यास तासभर जाई व आईला मुलाशीं खेळावयास शिकवी. कांहींना दोन्ही मिळालें. कांहींना दोहोंपैकीं कांहींच नाहीं. खेळणीं घरांतल्याच टाकाऊ वस्तूंचीं केलेलीं होतीं. दोन वर्षांनीं भेटी थांबल्या. तीं मुलें मोठीं होऊन कमावूं लागलीं, तेव्हां सुमारें वीस वर्षांनीं पुन्हां पाहणी झाली. ज्यांच्या घरीं ती बाई खेळ घेऊन गेली होती, त्यांची कमाई इतरांपेक्षां सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक भरली. केवळ दूध मिळालेल्यांत असा लाभ दिसला नाहीं. २०१४ सालीं हा निष्कर्ष जाहीर झाला. याचा अर्थ दूध नको असा मुळींच नव्हे. मुलाच्या शरीराला जसें अन्न लागतें, तसें त्याच्या बुद्धीला माणसाचें बोलणें लागतें, आणि तें गरिबाच्या घरींहि विनामूल्य मिळूं शकतें, हा त्याचा अर्थ.

मग चांगली घरभेट कोणती? सेविका आली, मुलाला उचलून तिनेंच त्याला हंसविलें, आईला दोन उपदेश केले आणि वहींत सही घेऊन ती गेली, तर ती भेट वाया गेली असें समजावें. चांगल्या भेटींत सेविकेचे हात मागें राहतात व आईचे पुढें येतात. वाटी आणि चमचा आईच्याच हातीं देऊन ती म्हणते, ‘तुम्हीं वाजवा, बाळ कोणाकडे पाहतें तें बघूं.’ मूल आईकडे वळतें. त्या क्षणीं त्या पोरवयाच्या आईला जें कळतें तें कोणत्याहि व्याख्यानानें कळणार नाहीं : हें मूल मला ओळखतें, माझ्या आवाजाला उत्तर देतें, आणि त्याला जें हवें आहे तें माझ्यापाशीं आहे. घरभेटीचें खरें फळ तें हेंच. आईचा स्वतःवरचा विश्वास वाढला म्हणजे पुढचे सहा दिवस, जेव्हां सेविका तेथें नसते, तेव्हांहि काम चालूं राहतें. भाकरी थापतां थापतां ती मुलाशीं बोलते, पाणी शेंदतांना ‘एक, दोन, तीन’ म्हणते. आणि ज्या आईबापांस मुलाच्या खोडीमागचें कारण कळूं लागतें, त्यांचा हात सहसा उगारला जात नाहीं. अमेरिकेंतील एल्मायरा या गांवीं डेव्हिड ओल्ड्स यांनीं १९७० च्या दशकाच्या अखेरीस तरुण व गरीब अशा पहिलटकरणींच्या घरीं परिचारिका पाठविल्या होत्या. पंधरा वर्षांनंतर पाहतां, त्या घरांतून मुलांची हेळसांड व छळ यांच्या नोंदी इतरांहून बऱ्याच कमी आढळल्या.

बापाला या कार्यांत विसरून चालत नाहीं. पुष्कळदां सेविका येते तेव्हां तो शेतांत असतो, आणि घरीं असला तरी ‘हें बायकांचें काम’ म्हणून बाहेर जाऊन बसतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यांत बापाच्या मनावरील ओझें हीच मुलाची मोठी जोखीम असते. २०१५ सालीं राज्य शासनानें उस्मानाबाद व यवतमाळ या जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ हातीं घेतलें. त्याच सुमारास मराठवाडा व विदर्भ यांतील १४ जिल्ह्यांसाठीं ‘प्रेरणा प्रकल्प’ आंखला गेला. यांत आशा सेविकेनें शेतकऱ्याच्या घरीं जाऊन झोप, भूक, मन लागणें न लागणें यांविषयीं विचारावयाचें आणि उदासीचीं लक्षणें दिसल्यास जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचाराकडे त्यास पाठवावयाचें, अशी योजना होती. एकाच बाईनें एकाच उंबरठ्याच्या आंत मुलाचें वजन पाहावें व बापाच्या मनाचा भारहि ओळखावा, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. कारण घरांत तीं दोन निराळीं दुखणीं नसतातच. जेथें कर्ता पुरुष गेलेलाच आहे, तेथें विधवा आईला बालसंगोपन योजनेसारख्या मदतीचा अर्ज कोठें करावा हें सांगणें, आणि ‘मुलांना घेऊन तूं एकटी नाहींस’ हें आपल्या नेमानें येण्यानेंच पटविणें, हें सेविकेचें काम होतें. मनाच्या संकटांत कोणासहि, रात्रीं-अपरात्रीं, १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें, श्रोत्यांनीं हा आंकडा टिपून ठेवावा.

इथपर्यंत योजनेची चांगली बाजू झाली. आतां तिच्या अवघड जागेकडे वळूं. जिल्ह्यांतील कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला त्या व्यवहारांत ‘कोयता’ म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराचें नांव मिळालेलें असें हें विदारक उदाहरण आहे. पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत कारखान्याजवळ कोपी उभी करावयाची, पहाटेच्या अंधारांत फडावर जावयाचें, मोळ्या बांधून गाडींत भरावयाच्या, आणि उन्हाळा लागतांना गांवीं परतावयाचें. तान्हें मूल बरोबर असतें. फडाच्या कडेला झोळींत, नाहीं तर पाचटावर. थोडें मोठें भावंड असेल तर तेंच त्याचें सांभाळणारें.

या मुलाच्या पांच भेटींचें काय होतें, तें बोटांवर मोजून पाहा. मूल ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे श्रावणांत, जन्मलें असें धरूं. पहिल्या बेचाळीस दिवसांच्या भेटी गांवांत निर्वेध होतात. तिसऱ्या महिन्याची भेट नोव्हेंबरच्या मध्यावर येते, घराला कुलूप. सहाव्या महिन्याची फेब्रुवारींत, कुलूप. नववी मे महिन्यांत व बारावी ऑगस्टांत, या दोन होतात. पंधरावी पुन्हां नोव्हेंबरांत, पुन्हां कुलूप. पांचांपैकीं तीन भेटी बुडाल्या. त्यांतहि सहाव्या महिन्याची बुडते ती सर्वांत मोलाची. कारण तोच उष्टावणाचा काळ. मुलाला वरचें अन्न सुरू करावयाचें, तें मऊ, ताजें आणि दिवसांतून अनेकदां द्यावयाचें, हें आईला दाखवावयास हवें तेव्हां ती अनोळखी मुलखांत, चुलीला वेळ नसलेल्या कोपींत असते. ज्या कुटुंबासाठीं ही योजना मुख्यतः आहे, तेंच नेमक्या वेळीं तिच्या हातून निसटतें. गांवच्या वहींत मात्र ‘घर बंद’ एवढेंच लिहिलें जातें, आणि तसें लिहिण्यांत सेविकेचा कांहीं दोष नसतो.

मी आरंभीं पाठराखिणीचें नांव घेतलें तें याच कारणानें. पाठराखीण माहेरीं बसून राहत नाहीं; मुलगी जेथें जाईल तेथें ती जाते. गांवची सेविका फडावर जाऊं शकत नाहीं हें उघड आहे. परंतु तिची भेट जाऊं शकते. निघण्यापूर्वीं आशा व अंगणवाडी सेविकेनें प्रत्येक तान्ह्या मुलाची व गरोदर स्त्रीची यादी करावी, आईजवळचें माता-बाल संरक्षण कार्ड भरून द्यावें, पुढच्या तीन-चार महिन्यांत मूल काय करूं लागेल व तेव्हां काय द्यावें हें आईला आधींच दाखवून ठेवावें. कोणता मुकादम व कोणता कारखाना हें विचारून तेथील आरोग्य केंद्रास कळवावें. तिकडच्या सेविकेनें ‘हीं आमच्या गांवचीं नव्हेत’ असें न म्हणतां कोपीला गांवांतल्या घराइतकाच मान देऊन भेट पुरी करावी. अंगणवाडीच्या नोंदी २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या साधनांत फोनवरून भरल्या जाऊं लागल्या, तेव्हां मुलाचें नांव त्याच्या मागोमाग जाणें आज पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपें आहे. अडचण यंत्राची कमी व ‘हें मूल कोणाच्या हद्दींतलें’ या प्रश्नाची अधिक आहे. मुलाला हद्द नसते. कारखान्यांनींहि फडाच्या जवळ सावली, पाणी आणि मुलें सांभाळणारी एक बाई, एवढी सोय गाळप-हंगामाच्या खर्चांत धरली पाहिजे. साखर ज्यांच्या घरीं गोड लागते त्या सर्वांचा, म्हणजे आपलाहि, या मागणीशीं संबंध आहे.

दुसरी अडचण सेविकेचीच. नवजात मुलाच्या सर्व भेटी पुऱ्या केल्यावर या योजनेंत आशेस मोबदला ठरला तो २५० रुपयांचा; पुढच्या पांच भेटींना प्रत्येकीं ५० रुपये. तिच्या शिरावर लसीकरण, सर्वेक्षणें, साथी, निरनिराळ्या नोंदी असतात ते निराळेच. ज्या बाईकडून आपण दुसऱ्याच्या घरीं धीर व सवड घेऊन बसण्याची अपेक्षा करतों, तिला स्वतःला धीर व सवड मिळतील अशी तजवीज केल्यावांचून भेटीची हजेरी होते, सोबत होत नाहीं. जमैकांत सेविका आठवड्यास जात होती; आपल्याकडे तीन महिन्यांस एकदां जाते. तेव्हां तिकडचें फळ इकडे अर्ध्या खर्चांत मिळेल अशी आशा धरणें रास्त नव्हे. भेटींची संख्या, सेविकेचें शिक्षण आणि तिच्या पाठीशीं उभी राहणारी जाणती पर्यवेक्षिका, या तीन गोष्टींत काटकसर केली कीं योजना कागदावर उरते.

तिसरी अडचण वृत्तीची, आणि ती आपल्या सुशिक्षित वर्गाशीं अधिक निगडित आहे. गरिबाच्या घरीं आपण गेलों म्हणजे आपली नजर प्रथम न्यून शोधते : मूल मळकें कां, घर अस्ताव्यस्त कां, मुलीचें लग्न इतक्या लौकर कां केलें. प्रश्न खोटे नसतात. परंतु पहिल्याच भेटींत ते विचारणारी व्यक्ति तपासनीस ठरते, आणि तपासनिसापुढें कोणीहि खरें बोलत नाहीं. ज्या घरांत आपल्याला दोष काढावयाचे नाहींत, त्याच घराचे दोष आपल्याला कळतात. चांगली सेविका आधीं काय ठीक चाललें आहे तें सांगते. ‘बाळाला उबेंत छान ठेवलें आहे’ या एका वाक्यानें जें दार उघडतें, तें दहा सूचनांनीं उघडत नाहीं.

श्रोतेहो, हें कार्य खेड्यांतलें म्हणून दूरचें मानूं नका. आपल्या शहरांत ज्या इमारती उठत आहेत त्यांच्या पायथ्याशीं, पत्र्याच्या खोल्यांतून, याच मराठवाड्यांतलीं तान्हीं मुलें वाढत आहेत. आपल्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाईची पहिलटकरीण मुलगी बहुधा माहेरीं न जातां इथेंच बाळंत होते. तिला अंगणवाडीचा पत्ता सांगणें, लसीच्या दिवशीं पूर्ण पगारासह तिला सुटी देणें, तिच्या मुलाचें नांव विचारून पुढच्या वेळीं तें नांवानें आठवणें, याला कोणती योजना लागत नाहीं. आणि दारीं आलेल्या आशाताईस आंत बोलावून, बसावयास सांगून पाणी विचारणें, यालाहि लागत नाहीं. ती दिवसभर दुसऱ्यांच्या उंबरठ्यांवर उभी असते.

सरकारचे हिशेब भेटींच्या संख्येवर होतील, आणि ते तसे झालेहि पाहिजेत. परंतु कोपींतल्या एखाद्या आईला सहाव्या महिन्यांत मूल मांडीवर घेऊन, मऊ भाताचा पहिला घांस त्याच्या तोंडाशीं नेतांना, कोणीतरी शेजारीं बसून ‘असाच, थोडाथोडा’ म्हणणारें हवें असतें. तें माणूस तिच्यापर्यंत पोंचलें कीं नाहीं, या एका प्रश्नावरून सर्व योजनांची परीक्षा करावी.